क्लासिक टेट्रिस (स्पर्धेचा खेळ)

क्लासिक टेट्रिस म्हणजे निन्टेंडोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी १९८९ मध्ये आलेला टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ, आणि त्यावर चालणारी स्पर्धा. टेट्रिस नंतर फोनपासून घड्याळापर्यंत सगळीकडे आला, पण स्पर्धावाले क्लासिक म्हणतात ते या एकाच कॅसेटला. मूळ खेळ अलेक्सेई पाजितनोव यांनी मॉस्कोत, १९८० च्या दशकाच्या मध्याला, इलेक्ट्रोनिका ६० नावाच्या सोव्हिएत कॉम्प्युटरवर बनवला.

गोव्यात टेट्रिस म्हटलं तर लोक जरा विचारात पडतात, ब्रिक गेम म्हटलं की लगेच कळतं, कारण आपल्याकडे तो आधी आला सेलवर चालणाऱ्या, ९९९९ इन १ लिहिलेल्या हातातल्या डब्यातून. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम नंतरचा. आमच्याकडे होता त्यात खालचं बटण दाबलं की ठोकळा फिरायचा आणि ए दाबला की धपकन खाली. आता कळतं की ती कॅसेट एनईएसची नव्हतीच, ती १९८८ ची फॅमिकॉमवाली (फॅमिकॉम म्हणजे एनईएसचंच जपानी रूप) होती. एनईएसच्या टेट्रिसमध्ये असं धपकन टाकणं नाही, ठोकळा बाजूला काढून ठेवणं नाही, पुढचा फक्त एक ठोकळा दिसतो. त्यामुळे चुकलं तर चुकलं.

मैदान १० घरं रुंद, २० घरं उंच. ठोकळ्यांचे आकार सात, प्रत्येकात चार घरं. ओळ भरली की पुसली जाते. चार ओळी एकदम पुसता येतात फक्त उभ्या लांब काठीने (आम्ही तिला दांडोच म्हणायचो) आणि त्यालाच टेट्रिस झाला म्हणतात. लेव्हल १८ वर एकेक करून चार ओळी पुसल्या तर ७६० चौक ३,०४० गुण, त्याच चार एकदम पुसल्या तर २२,८००. म्हणून खेळाडू बाकीचे नऊ रकाने रचत नेतात आणि एका कडेला, बहुतेक वेळा उजवीकडे, एक रकाना मोकळा सोडतात, त्याला विहीर म्हणायचं. चोडणच्या फेरीबोटीवर स्कूटरी दाबून दाबून लावतात आणि एका गाडीपुरती जागा तेवढी राखून ठेवतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे गाडी येईलच याची खात्री नाही! आजकालच्या टेट्रिसमध्ये सातही आकार पाळीपाळीने येतात, या जुन्यात तसा नियम नाही, तीस-चाळीस ठोकळे दांडोशिवाय जाऊ शकतात. विहीर तयार आहे आणि दांडोचा पत्ता नाही, याला खेळाडू दुष्काळ म्हणतात.

खरी गंमत हातांची आहे. अमेरिकेत विकलेला एनईएस सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. लेव्हल १८ वर ठोकळा तीन चित्रांना एक घर उतरतो, १९ ला दोन चित्रांना आणि २९ ला दर चित्राला एक, म्हणजे पूर्ण मैदान साधारण एक तृतीयांश सेकंदात. बटण दाबून धरलं तर ठोकळा एक घर सरकतो, मग १६ चित्रं थांबतो, मग दर सहा चित्रांना एक घर. या वेगाने २९ वर तो कडेला पोचतच नाही, म्हणून कित्येक वर्षं २९ म्हणजे खेळ संपला असंच धरत होते. (भारतातल्या टीव्हीची पद्धत ५० चित्रांची, तिच्यासाठी काढलेल्या आवृत्तीचे वेग वेगळे, त्यामुळे तिथले विक्रमही वेगळे मोजतात.)

यावर पहिला उपाय हायपरटॅपिंग, म्हणजे दंड ताठ करून अंगठा सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा थरथरवायचा. मग २०२० च्या आसपास चीझ नावाने खेळणाऱ्या खेळाडूने रोलिंग रूढ केलं. यात अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची, तबल्यावर वाजवतात तशी, म्हणजे बटणच अंगठ्यावर येऊन आपटतं. घरी टेबलाच्या फळीवर करून बघा, दोन मिनिटांत बोटं दमतात.

जागतिक स्पर्धा २०१० मध्ये लॉस एंजलिसला सुरू झाली, मग बरीच वर्षं पोर्टलंडला भरली. दोघांचे कन्सोल वेगवेगळे, टीव्ही जुना काचेच्या नळीवाला, कारण नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं. एकमेकांवर ठोकळे टाकायची सोय नाही, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. पण एकजण आधी मेला, म्हणजे ठोकळे वरपर्यंत साचून त्याचा खेळ संपला, तरी सामना संपत नाही, दुसरा त्याचा आकडा गाठेपर्यंत एकटाच खेळत राहतो आणि सगळे श्वास रोखून तेच बघतात. जोनास न्यूबाउर सात वेळा विजेता झाला, २०१८ च्या अंतिम सामन्यात १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने त्याला सरळ ३-० ने हरवलं. सेली हायपरटॅपिंगवाला. न्यूबाउर २०२१ मध्ये वारला. पुढे रोलिंगवाले मरेचनात, सामने लांबायला लागले, म्हणून स्पर्धेच्या बदललेल्या आवृत्तीत ३९ व्या लेव्हलला वेग दुप्पट करून टाकला.

स्पर्धेबाहेर मात्र वरची हद्दच राहिली नाही. १३८ पासून रंग बिघडतात, १४८ वर ठोकळे काळ्या पडद्यावर जवळजवळ काळेच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने लेव्हल १५७ पर्यंत खेळून मशीनच अडकवलं. आमचं मशीन पावसाळ्यात लाईट गेली की अडकायचं, तो भाग सोडा. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकल आर्टिआगाने न अडकणाऱ्या बदललेल्या आवृत्तीवर लेव्हल २५५ पार केली. वाटेत २३५ वी लेव्हल लागते, ती इतर लेव्हलसारखी दहा ओळींत संपत नाही, चांगल्या ८१० ओळी चालते. आणि २५५ च्या पुढचा आकडा खेळाच्या हिशेबात बसतच नाही, म्हणून लेव्हल परत ० होते आणि ठोकळे पहिल्यासारखे सावकाश उतरायला लागतात.