टेस्ट ट्यूबचं लेकरू धड असतं का?

लातूरच्या एका वंध्यत्व केंद्रात सुनेची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनी खर्चाचं काही विचारलं नाही. "लेकरू धड निघंल ना, डॉक्टर?" एवढंच.

ही धास्ती आयव्हीएफइतकीच, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराइतकीच जुनी आहे. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, जन्मलं. ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली, आणि १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा. ही लेकरं ठणठणीत निघाली म्हणून लोक निर्धास्त झाले, पण दोन-चार लेकरांवरून जोखीम कळत नसते.

१९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सीची बातमी आली. एकच शुक्राणू बारीक सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायचा. निसर्गाची चाळणीच टळली, मग व्यंगाचं काय? २००२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून धक्का बसला. वर्षाच्या आत आढळलेली मोठी व्यंगं आयव्हीएफच्या बाळांत ९ टक्के, इक्सीच्या ८.६ आणि एरवीच्या बाळांत ४.२ टक्के. 'दुप्पट' हा शब्द तेव्हापासून चिकटला तो आजही निघालेला नाही.

खरं तर तो २०१२ मध्येच सैल व्हायला हवा होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात तीन लाखांहून जास्त जन्म तपासले गेले. उपचारांनंतरच्या गर्भांत व्यंगं ८.३ टक्के, बाकीच्यांत ५.८. आईचं वय वगैरे हिशेबात धरल्यावर साध्या आयव्हीएफचा फरक जवळपास पुसला गेला, इक्सीचा मात्र राहिला. आणखी एक गोष्ट दिसली, माझ्या मते सगळ्यात मोलाची: वंध्यत्वाचा इतिहास असून उपचाराविना दिवस गेलेल्या बायकांच्या बाळांतही जोखीम वाढलेलीच होती. म्हणजे सगळं खापर प्रयोगशाळेवर फोडता येत नाही. काही भाग जोडप्याच्या शरीरातून येतो, आणि इक्सी तर मुळात पुरुषाच्या दोषासाठीच निघालं. (आपल्याकडे बोल मात्र सुनेलाच.)

जुळ्यांचा भाग वेगळा. एकाच वेळी दोन गर्भ सोडायचे, 'खर्च एकदाच, लेकरं दोन' हा हिशेब घरच्यांना आवडतो, पण जुळी बऱ्याचदा दिवस भरण्याआधीच येतात. २०२४ मध्ये उत्तर युरोपातल्या ७७ लाख मुलांच्या अभ्यासात उपचारांनंतरच्या बाळांत हृदयाची व्यंगं १.८४ टक्के आढळली, इतरांत १.१५. जुळ्या-तिळ्यांत ती आणखी जास्त होती.

मराठवाड्यात याच्या जोडीला एक जुनी रीत आहे: मामाची पोरगी करायची. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये २०१३ च्या अभ्यासात सख्ख्या चुलत-मामेभावंडांच्या लग्नातल्या बाळांत व्यंगांचं प्रमाण तीन टक्क्यांवरून सहावर गेलेलं दिसलं. आयव्हीएफच्या वाढीपेक्षा ही उडी मोठी आहे. तरी धास्ती सुईची.

डॉक्टरांनी त्या बाईंना पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका म्हणून सांगितलं, मग विचारलं, "लग्न नात्यातलं का?"

"नात्यातलं कशाचं?" बाई म्हणाल्या. "माझ्या भावाचीच लेक हाय की."