ट्यूटोरियल वर्ग (ब्रिटन)

ब्रिटनमधील वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन (डब्ल्यूईए) या संस्थेने विद्यापीठांच्या साहाय्याने चालवलेले प्रौढांचे वर्ग. प्रौढशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटी, कंदील आणि अंगठा सोडून सही गिरवणारी माणसे येतात. हे वर्ग त्या जातीचे नव्हते. इथे येणाऱ्या कामगाराला लिहितावाचता येत असे. घरच्या परिस्थितीने लहानपणीच शाळा सुटलेली, आणि आता विद्यापीठात शिकवतात तेच, तितक्याच कसाने शिकायचे, अशी त्याची मागणी होती.

संस्थापक अल्बर्ट मॅन्सब्रिज (१८७६–१९५२) हे सुताराचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते कारकुनीला लागले होते. पत्नी फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी १९०३ मध्ये संस्था काढली. पहिली वर्गणी म्हणून फ्रान्सिस यांनी घरखर्चातले अडीच शिलिंग दिले, असे सांगतात. संस्थेला आजचे नाव १९०५ मध्ये मिळाले.

पहिले दोन वर्ग ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने जानेवारी १९०८ मध्ये भरले. एक स्टॅफर्डशरमधल्या लाँगटनला, जिथे चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते. दुसरा लँकाशरमधल्या रॉचडेल या कापडगिरण्यांच्या गावी. दोन्हीकडे शिक्षक एकच, आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आर. एच. टॉनी. ते तेव्हा ग्लासगोला शिकवत. शुक्रवारी संध्याकाळी लाँगटन, शनिवारी रॉचडेल, असा त्यांचा आगगाडीचा फेरा चाले.

नियम कडक होते. वर्ग सुमारे तीस जणांचा. तीन वर्षे यायचे, वर्षाला चोवीस बैठका, बैठक दोन तासांची आणि पंधरवड्याला एक निबंध. दिवसभर अंगमेहनत करून आलेल्या माणसाला सगळ्यांत जड जाई तो निबंधच. पुस्तके विद्यापीठाकडून पेटीत भरून येत आणि विद्यार्थी ती आळीपाळीने घरी नेत. शेवटी परीक्षा नाही, पदवी नाही. पहिला तास शिक्षकाचा, दुसरा वर्गाचा.

पद्धतीचे मर्म त्या दुसऱ्या तासात आहे. शिक्षक कारखानदारीच्या इतिहासावर बोलून खाली बसला की समोरचे बोलू लागत, आणि मजुरी कशी कापली जाते हे त्याने पुस्तकात वाचलेले असे, त्यांनी सोसलेले. टॉनी यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. विणकर, कुंभार, खाणकामगार आणि यंत्रकामगार यांनी मित्रत्वाने दिलेल्या फटक्यांतून आपण जे शिकलो ते पुस्तकांतून सहज मिळत नाही, असे ते म्हणतात. लाँगटनला तर दोन तास पुरत नसत. वर्ग आटोपला की मंडळी कुणा एकाच्या घरी चहाला जमत आणि तिथे वादाबरोबर अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनची कविताही वाचली जाई. पुढे याच वर्गातले विद्यार्थी आसपासच्या खाणगावांत जाऊन स्वतः शिकवू लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असे वर्ग दीडशेच्या आसपास गेले होते.

डावीकडून टीकाही झाली. विद्यापीठाचा शिक्षक आणि सरकारचे अनुदान घेऊन कामगाराला शहाणे करायचे म्हणजे त्याला मवाळ करायचे, असा आक्षेप होता. १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात, म्हणजे कामगारांसाठीच्या कॉलेजात, याच वादातून विद्यार्थ्यांचा संप झाला आणि त्यातून सेंट्रल लेबर कॉलेज हे मार्क्सवादी शिक्षणाचे वेगळे केंद्र निघाले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण शिक्षकाला भर वर्गात खोडून काढण्याची सवय लागलेली माणसे मवाळ झाली, हे मानणे कठीण आहे.

सुरुवातीचा भर अर्थशास्त्र व इतिहासावर होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान साहित्याचे वर्ग वाढले, स्त्रियांची संख्याही वाढली. १९४५ नंतर प्रौढांना शिकवण्याच्या या कामात काही तरुण शिक्षक आले आणि त्यांनी पुढे इंग्रजी समीक्षेची आणि इतिहासलेखनाची दिशाच बदलली. रेमंड विल्यम्स ऑक्सफर्डतर्फे ससेक्स भागात, रिचर्ड हॉगर्ट हलमध्ये, ई. पी. टॉम्पसन लीड्सतर्फे यॉर्कशरच्या गावांत. टॉम्पसन साहित्य आणि इतिहास दोन्ही शिकवत. ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ (१९६३) या ग्रंथातल्या अनेक विषयांची चर्चा आधी वर्गात झाली होती, हे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. ‘कल्चरल स्टडीज’ (संस्कृतीचा अभ्यास) म्हणून जी विद्याशाखा आपल्याही विद्यापीठांत आली, तिचे एक मूळ या संध्याकाळच्या वर्गांत आहे.

तीन वर्षांचा मूळ वर्ग हळूहळू विरला. १९९२ च्या कायद्याने सरकारी पैसा प्रामुख्याने प्रमाणपत्राकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांकडे वळला, आणि प्रमाणपत्र न देणे हेच ज्याचे वैशिष्ट्य त्या वर्गाची त्यात अडचण झाली.

आज संस्थेच्या कामाचा मोठा भाग म्हणजे स्थलांतरितांसाठीचे इंग्रजीचे वर्ग. ‘इसॉल’ या लघुनामाने ते ओळखले जातात. वर्ग समाजकेंद्रात, ग्रंथालयात, कधी मुलांच्या शाळेतच भरतो. विषय रोजचे असतात: दवाखान्यात फोन करून वेळ कशी घ्यायची, शाळेतून आलेल्या चिठ्ठीत काय लिहिले आहे, घरमालकाला भिंतीची ओल कशी सांगायची. फोनचा सराव करताना दोघी पाठीला पाठ लावून बसतात. समोरच्याचा चेहरा दिसत नसताना इंग्रजी कळणे, खरी परीक्षा तीच. इथे दुसरा तास वेगळा काढावा लागत नाही, कारण बोलणे हाच पाठ असतो.

या वर्गांवर सरकारी धोरणाची सावली मात्र आहे. पूर्वी फी सरसकट माफ असे. २००७ मध्ये ही सवलत मुख्यतः सरकारी भत्त्यावर असलेल्यांपुरती उरली. २०१३ पासून नागरिकत्व आणि कायम वास्तव्य यांसाठी बहुतेकांना इंग्रजीची ‘बी१’ म्हणजे मध्यम पातळी दाखवावी लागते. त्यामुळे मॅन्सब्रिज यांच्या संस्थेत ज्या परीक्षेला जागा नव्हती, ती आता अनेक विद्यार्थ्यांच्या वर्गात येण्याचे पहिले कारण झाली आहे. साहित्याचे वर्गही भरतात. तिथे बहुतेक निवृत्त मंडळी असतात आणि ती फी भरून येतात.