कलम १८-सी (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या वांशिक भेदभाव कायद्यातील कलम. वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरून कोणाचे मन दुखावेल, अपमान होईल, मानखंडना होईल किंवा कोणाला धाक बसेल, असे जाहीर वर्तन ते बेकायदेशीर ठरवते.

मूळ कायदा व्हिटलम सरकारचा. हे कलम त्यात कीटिंग सरकारच्या काळात, १९९५ मध्ये आले. त्या वेळच्या विधेयकात फौजदारी गुन्हेही होते, ते सिनेटने वगळले. त्यामुळे १८-सीखाली कोणी तुरुंगात जात नाही. तक्रार आधी मानवी हक्क आयोगाकडे जाते आणि समेट फसला तरच न्यायालयात. आपल्याकडच्या भारतीय दंड संहितेतील १५३-अ (समाजगटांत वैर पसरवण्याचा फौजदारी गुन्हा; २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १९६) ची सवय असलेल्या वाचकाने हा फरक ध्यानात ठेवावा. शिवाय लगतचे कलम १८-डी कला, संशोधन, रास्त टीका आणि लोकहिताची चर्चा यांना सूट देते. मात्र ती वाजवी रीतीने व सद्भावनेने केलेली असावी लागते. १८-सी एकटे वाचले की ते आहे त्याहून फार कडक भासते.

२०११ मध्ये स्तंभलेखक अँड्र्यू बोल्ट फेडरल कोर्टात हरले. उजळ वर्णाच्या काही आदिवासींनी फायद्यासाठी आपली ओळख निवडली, असा त्यांच्या लेखांचा रोख होता. लेखांत तथ्यांच्या चुका होत्या आणि भाषा चिथावणीची होती, म्हणून १८-डीचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. बोल्ट यांच्या समर्थकांनी मात्र हा निकाल म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी मानला आणि कलम बदलणे हा लिबरल पक्षाचा कार्यक्रम झाला.

मार्च २०१४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस सिनेटमध्ये म्हणाले, की लोकांना पूर्वग्रहदूषित असण्याचा हक्क आहे. प्रश्न विचारणाऱ्या होत्या नोव्हा पेरिस, ऑस्ट्रेलियन संसदेतील पहिल्या आदिवासी महिला. दुरुस्तीची बाजू त्या एका वाक्याने जितकी लंगडी केली, तितकी विरोधकांच्या भाषणांनीही केली नसेल. अनेक स्थलांतरित समाजही विरोधात उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान अ‍ॅबट यांनी मसुदा मागे घेतला.

टर्नबुल सरकारने २०१७ मध्ये पुन्हा प्रयत्न केला: पहिली तीन क्रियापदे काढून ‘छळणे’ घालायचे आणि कसोटी लक्ष्य झालेल्या समाजाच्या नव्हे, तर सर्वसाधारण ऑस्ट्रेलियनाच्या नजरेची ठेवायची. ३० मार्चच्या रात्री सिनेटने ३१ विरुद्ध २८ मतांनी ते फेटाळले. आयोगाच्या तक्रार हाताळण्याच्या पद्धतीतले बदल तेवढे मंजूर झाले; चारही क्रियापदे जागच्या जागी राहिली.