सरपंच कोणी निवडायचा, आणि कोणी व्हायचे?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या मतदानाला गेलेला मतदार सहसा एकच मत देऊन परत येत नाही. गावाचे प्रभाग पाडलेले असतात, एका प्रभागातून बहुधा दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात, आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला असतात. शिवाय सरपंचपदासाठी एक मत स्वतंत्र असते. पक्षांची अधिकृत चिन्हे या निवडणुकीत नसल्यामुळे लढत पॅनलची होते. मात्र हे सरपंचपदाचे मत कायम मतदाराच्या हाती नव्हते. ते त्याला कसे मिळाले, मध्येच काढून का घेतले गेले आणि दरम्यान उमेदवारीच्या अटी कशा वाढत गेल्या, हा इतिहास आजच्या वादांच्या मुळाशी आहे.

इंग्रजी अमदानीत स्थानिक मताधिकाराची सुरुवात कर भरणाऱ्यांपासून झाली. मुंबई महापालिकेच्या १८७२च्या कायद्यानुसार ६४ सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. पुण्यात महात्मा फुले १८७६पासून काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य होते, पण ते सरकारनियुक्त म्हणून. शहरातील सामान्य माणसाला मत देऊन त्यांना तेथे पाठवता आले नसते. लॉर्ड रिपन यांच्या १८८२च्या ठरावाने आणि त्यानंतरच्या कायद्यांनी निवडणुकीचे तत्त्व पुढे नेले, तरी मत मालमत्तेशी बांधलेलेच राहिले. गावात तर पाटीलकी आणि कुलकर्णीपण वंशपरंपरेने चालत होते.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला, १९५८चा ग्रामपंचायत कायदा झाला, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. गावकऱ्यांनी सदस्य निवडायचे आणि सदस्यांनी आपल्यातून सरपंच, अशी ग्रामपंचायतीची रीत पडली. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, पाच वर्षांची मुदत व आरक्षण यांना घटनेचा आधार मिळाला. स्त्रियांसाठीच्या एक तृतीयांश जागा महाराष्ट्राने २०११मध्ये निम्म्यावर नेल्या. गावाच्या सत्तेत एवढा मोठा बदल दुसऱ्या कोणत्याही तरतुदीने घडवला नाही, असे माझे मत आहे.

सदस्यांनी सरपंच निवडण्याच्या पद्धतीत एक-दोन सदस्य फोडले की सत्ता फिरे. त्यावर उपाय म्हणून २०१७मध्ये थेट निवड आली. सरकार बदलल्यावर २०२०मध्ये ती रद्द झाली, तर २०२२मध्ये पुन्हा सरकार बदलताच परत आली. जानेवारी २०२१च्या निवडणुकीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तर निकालानंतर काढण्यात आली, त्यामुळे आपण कोणाला सरपंच करीत आहोत हे मतदान करताना मतदाराला कळण्याची सोयच नव्हती. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे निवड बिनविरोध करण्यासाठी पदांची बोली लागल्याचे उघड झाले, आणि आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बिनविरोध निवडीचे कौतुक करण्यापूर्वी ही दोन नावे आठवावीत.

मताधिकार असा रुंदावत असताना उमेदवारीची वाट मात्र अरुंद झाली. मत अठराव्या वर्षी देता येते, उभे राहण्यासाठी एकविसावे पूर्ण व्हावे लागते आणि गावच्या मतदार यादीत नाव लागते, एवढे समजण्यासारखे आहे. परंतु १२ सप्टेंबर २००१नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर माणूस अपात्र ठरतो, घरी शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचे दाखवावे लागते, आणि थेट सरपंचपदासाठी १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर पद जाते. यांपैकी अपत्यांची अट मला सर्वांत अन्यायाची वाटते, कारण किती मुले व्हावीत हे ज्या घरात सुनेला विचारले जात नाही, त्याच घरातील सुनेचा अर्ज छाननीत बाद होतो; एका बाजूने राखीव जागा देऊन दुसऱ्या बाजूने दार लावण्यासारखे हे आहे.

थेट निवडीनेही एक नवा पेच आणला. सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती आल्यास मासिक सभेत ठराव अडतात आणि कामे रखडतात. अशा सरपंचाला हटवण्यासाठी सदस्यांचे तीन चतुर्थांश बहुमत पुरेसे नाही. तो अविश्वास ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तेथे गावातील मतदार गुप्त मतदानाने निर्णय देतात.