अजगर शेजारी झोपून माप घेतो का?

"एका बाईने अजगर पाळला. त्याने खाणं सोडलं आणि रात्री तो तिच्याशेजारी सरळ ताणून झोपू लागला. डॉक्टर म्हणाले, तो तुमचं माप घेतोय, गिळणार आहे." नागपंचमी जवळ आली की शिराळ्याकडच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो. अंगावर काटा येतो खरा. मीही एकदा पुढे पाठवलाय.

आता अजगराची शिकार कशी होते ते बघा. तो दबा धरून बसतो, मान आखडलेली. भक्ष्य टप्प्यात आलं की झडप, दातांची पकड आणि लगेच वेटोळे. शेजारी आडवं पडून मोजत बसला तर ससा थांबेल होय? उसाच्या सरीत उंदरामागे सुटलेली धामण ज्याने पाहिलीय त्याला हे पटेल. शिवाय गिळताना अडतं ते रुंदीला, लांबीला नाही. आणि अंदाज चुकतोही: मोठं भक्ष्य मारून, गिळता न आल्याने अजगर ते तसंच टाकून जातो. मोजलं असतं तर ही वेळ आली नसती.

आपला अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशात हौसेने पाळतात तो बहुधा आफ्रिकेतला बॉल पायथन, आणि तो महिनोन्महिने अन्नाला तोंड लावत नाही. थंडी, विणीचा काळ किंवा कात टाकायची वेळ, बहुधा असंच काही कारण असतं. कातेआधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात. सर्पमित्राकडे असा साप आला तर लांबूनही ते दिसतं.