मावा मारण्याआधी पानामागे पाहा

पाऊस सरून कुंड्यांतली माती सुकू लागली की ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या ऐरोली, नेरूळपर्यंतच्या गॅलऱ्यांमध्ये त्याच तक्रारी ऐकू येतात. जास्वंदीच्या कळ्या चिकट झाल्यात, चवळीच्या शेंड्यावर काळा थर बसलाय, मिरचीची कोवळी पानं आखडलीत. हे काम माव्याचं, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या एका बारीक किडीचं. पावसाळाभर मुसळधार सरी त्याला धुऊन काढत असतात. नोव्हेंबरात हवा कोरडी आणि जरा गार झाली की ही आडकाठी उरत नाही.

पंधराव्या मजल्यावर तो पोचतो कसा? एरवी मावा बिनपंखी असतो, पण शेंड्यावर दाटी झाली किंवा झाडाचा रस आटू लागला की पंखवाल्या माद्या जन्मतात आणि वारा नेईल तिकडे जातात. ग्रिलमधल्या कुंडीवर एक उतरली तरी पुरते. माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता, थेट जिवंत पिल्लं देते आणि तीही सगळ्या माद्याच. याला अनिषेकजनन म्हणतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की पिल्लू जन्माला येण्याआधीच त्याच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात. आजीच्या पोटात लेक आणि त्याच वेळी लेकीच्या पोटात नात! आपल्याकडच्या उबेत पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतं. सोमवारी दिसलेले चार मावे पुढच्या आठवड्यात शेंडा झाकून टाकतात ते यामुळे.

मावा सुईसारखी सोंड झाडाच्या रसवाहिनीत खुपसतो. त्या रसात साखर भरपूर, पण आवश्यक अमिनो आम्लं फार कमी. ही उणीव त्याच्या शरीरातल्या खास पेशींत राहणारे बुख्नेरा नावाचे जिवाणू भरून काढतात. हे जिवाणू आईकडून पिल्लाला मिळतात आणि ही सोबत कोट्यवधी वर्षांची आहे. तरी पुरेसं पोषण मिळवायला मावा रस पीतच राहतो आणि जास्तीची साखर मागच्या बाजूने टाकतो. पानांवरचा चिकटा तो हाच. त्याच्यावर काळी बुरशी वाढते, आणि त्याच्यासाठीच मुंग्या येतात.

मुंग्या माव्याचं रक्षण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की तिचा माग काढत शेंड्यापर्यंत जावं. कुंडीच्या स्टँडच्या पायांना पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावला आणि फांद्या ग्रिलला टेकू दिल्या नाहीत, तर त्यांची वाट बंद होते. पाण्याने भरलेल्या थाळीत स्टँड ठेवण्याचा उपाय मात्र आपल्या शहरांत नको. डेंग्यूच्या डासांना तेवढं साचलेलं पाणी पुरतं.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते माव्याला खाणाऱ्यांबद्दल. लाल-नारिंगी ढालकिडा सगळ्यांना आवडतो, पण त्याची अळी ओळखू येत नाही. काळपट, पिवळसर ठिपक्यांची, मगरीसारखी लांबट. कीड समजून लोक तिलाच चिरडतात. ही एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावे फस्त करू शकते. सिरफिड माशीची अळी बिनपायाची, हिरवट, गोगलगायीसारखी सरकणारी. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अळीही मावा खाते; त्याची अंडी बारीक दोऱ्याच्या टोकाला उभी असतात. आणि फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसला तर त्याच्या आत गांधीलमाशीच्या कुळातल्या एका चिमुकल्या कीटकाचं पिल्लू वाढतंय असं समजावं. तो काढू नका.

यांच्यापैकी कोणी दिसलं, तर आठवडाभर थांबा. बाजारातलं जहाल कीटकनाशक माव्यासोबत यांनाही मारतं. मावा आठवड्याभरात पुन्हा वाढतो, त्याचे शत्रू इतक्या लवकर परत येत नाहीत. फवारून आठवडाभरात दुप्पट मावा का आला, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं. तंबाखूचं पाणीही नको. त्यातलं निकोटिन विषारी असतं, कातडीतूनही शरीरात जातं.

कोणीच दिसलं नाही तर आधी साधं पाणी वापरा. शेंड्याला हाताचा आधार देऊन पानांच्या खालून जोराची धार मारायची. सोंड तुटलेला, खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. एक-दोन दिवसांआड हे करत राहा. पुरलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि सौम्य द्रवरूप साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी. आधी दोन-तीन पानांवर फवारून, दुसऱ्या दिवशी ती करपली नाहीत ना ते पाहा. साबण अंगावर पडला तरच मावा मरतो, त्यामुळे पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. आणि त्या दिवसांत युरिया बंद. जास्त नत्राने फुटलेली लुसलुशीत पालवी माव्याला फार मानवते.

पपई लावलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिच्या पानांवर पिवळे चट्टे आणि फळांवर वर्तुळं दिसली तर तो विषाणू आहे. मावा तो काही क्षणांच्या टोचणीतही पसरवतो, त्यामुळे फवारणीने आटोक्यात येत नाही. ते झाड मुळासकट उपटून टाकावं.