घरच्या संगणकात एकापेक्षा अधिक डिस्क असतील तर कामाची वाटणी कशी करावी

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती संगणकांमध्ये हल्ली दोन, तीन आणि क्वचित चार डिस्कही आढळतात. पहिली संगणकाबरोबर आलेली असते, दुसरी जागा संपली म्हणून नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली असते आणि तिसरी जुन्या, बंद पडलेल्या संगणकातून काढून जोडलेली असते. डिस्क अशा जमत जातात, पण कोणत्या डिस्कवर काय ठेवायचे हे ठरवायचे राहून जाते. म्हणूनच भरपूर जागा रिकामी असूनही संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागतात, अशी तक्रार घेऊन ग्राहक येतात. अशा बहुतेक वेळी नवीन काही घेण्याची गरज नसते, आहे त्याचीच नीट मांडणी करावी लागते. ती आपल्याला घरीही करता यावी, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात आणि त्यांच्यावरून वाचणारे-लिहिणारे एक हेड सरकत असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. याचा अर्थ विखुरलेल्या ठिकाणांवरून वाचायचे असेल तर सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचने होतात. एखादा मोठा चित्रपट सलग वाचताना सेकंदाला १५० मेगाबाइट किंवा त्याहून जास्त वेग देणारी हीच डिस्क, चार-चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे वाचायची वेळ आली की एका मेगाबाइटच्याही खाली घसरते. विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो लहान तुकडे वाचले जातात. एसएसडीमध्ये, म्हणजे चकत्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, सरकणारे हेड नसल्यामुळे ती असे तुकडे सेकंदाला हजारोंच्या संख्येने वाचते, आणि म्हणूनच विंडोज व रोजची सॉफ्टवेअर एसएसडीवरच असावीत याबाबत आम्ही आग्रही असतो.

सी, डी, ई अशी तीन नावे दिसली म्हणजे तीन डिस्क आहेत, असा समज फार रुजलेला आहे. लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणारे महालातील एक ग्राहक प्रत्येक कार्यक्रमानंतर सुमारे ४० गिगाबाइट छायाचित्रे डीवरून ईवर नकलून ठेवत असत, आणि त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागे. कॅबिनेटला कान लावला तेव्हा हेडची करकर सतत ऐकू येत होती. स्टार्टच्या बटणावर उजवे क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले, तर डी आणि ई हे दोन्ही ‘डिस्क १’ या एकाच पट्टीत निघाले. एकच हेड एका टोकाला वाचायला आणि दुसऱ्या टोकाला लिहायला धावत होते. त्याच संगणकात जवळजवळ रिकामी असलेली तिसरी डिस्क होती. तिच्यावर नक्कल केल्यावर एक डिस्क फक्त वाचू लागली, दुसरी फक्त लिहू लागली, आणि तेच काम सहा मिनिटांच्या आत संपले. आपणही पहिल्यांदा ही खिडकी उघडून कोणते अक्षर कोणत्या डिस्कवर आहे ते कागदावर लिहून घ्यावे. तेथे १ टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट दिसली तर दुकानदाराने फसवले असे समजू नये, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

आता वाटणी. विंडोज, सॉफ्टवेअर आणि विंडोजची पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाईल) एसएसडीवर ठेवावी. रॅम पुरेशी आहे म्हणून पेजफाईल बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत जाते आणि एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी ३५०० किंवा त्याच्या पुढे, तरीही पत्रे, हिशेब आणि इंटरनेट एवढाच वापर असेल तर दोहोंतील फरक फारसा जाणवत नाही. खरा फरक फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर येण्यात आहे. छायाचित्रांचे किंवा चित्रफितींचे संपादन होत असेल, तर चालू काम एसएसडीवर करावे, संपादकाची तात्पुरती फाईल शक्य असल्यास दुसऱ्या एसएसडीवर वळवावी, आणि पूर्ण झालेले काम मोठ्या हार्ड डिस्कवर हलवावे. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यायचे असतील तर त्यांच्या प्रॉपर्टीजमधील ‘लोकेशन’ या भागातूनच न्यावेत, नुसते ओढून टाकू नयेत. एसएसडीवर १५ ते २० टक्के जागा नेहमी मोकळी असू द्यावी, कारण ती गच्च भरली की लिहिण्याचा वेग बराच खाली येतो. तिच्यावर बाहेरचे डीफ्रॅग (फाईलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारे) सॉफ्टवेअर चालवू नये. विंडोज आवश्यक ती निगा स्वतःच ठरल्या वेळी राखते.

नवी हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढलेली) आहे की एसएमआर, एवढे अवश्य विचारावे. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात, तसेच मधला एक पट्टा नव्याने लिहायचा तर पुढचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे सलग बराच वेळ लिहिताना अशी डिस्क अचानक मंदावते. एकदा लिहून ठेवायच्या जुन्या संग्रहासाठी ती चालेल, रोज बदलणाऱ्या फाईलींसाठी मात्र सीएमआरच घ्यावी.

माहिती तुकड्यांत दोन्हींवर वाटणाऱ्या रेड शून्य पद्धतीने दोन डिस्क जोडून वेग वाढवून द्या, अशी मागणी अधूनमधून होते. घरगुती वापरासाठी आम्ही ती जोडणी करून देत नाही, कारण दोहोंपैकी एक डिस्क गेली की दोन्हींवरचे सगळेच जाते. रेड एकमध्ये एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर राहते, पण चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते, म्हणून तिला बॅकअप म्हणता येत नाही. बॅकअपसाठी फाईलींची नक्कल असलेली एक डिस्क कॅबिनेटच्या बाहेर, केबल काढून, कपाटात ठेवलेली असावी.

डिस्क जोडताना मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. अनेक मदरबोर्डांवर एम.२ जागेत (एसएसडी थेट बसवायच्या छोट्या खाचेत) एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि मग चांगली डिस्क बिघडली असा गैरसमज होतो. विंडोज नव्याने टाकताना ती जिच्यावर जायची आहे तेवढीच डिस्क जोडलेली ठेवावी. बाकीच्या जोडलेल्या राहिल्या तर संगणक सुरू होण्यासाठी लागणारे बूट पार्टिशन कधी कधी भलत्याच डिस्कवर पडते, आणि पुढे ती जुनी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा गेलेला असताना बंद खोलीतील कॅबिनेटमध्ये डिस्क सहज ५० अंश ओलांडते, आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते. दोन डिस्क एकीवर एक न बसवता मध्ये एक खण रिकामा सोडावा, म्हणजे हवाही खेळते आणि एकीचे कंपन दुसरीला कमी लागते. पुढचा पंखा डिस्कच्या खणांसमोर असावा. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. वाळ्यातून आलेली ओलसर हवा आणि आतली धूळ मिळून जोडांवर थर धरते. मे महिन्याच्या शेवटी वावटळीबरोबर वीज जाते, तेव्हा लिहिणे चालू असलेल्या डिस्कवरील फाईली खराब होऊ शकतात, म्हणून संगणक रीतसर बंद करण्यापुरता वेळ देणारा यूपीएस असावा.

मांडणी आमच्याकडून करून घ्यायची असल्यास संगणक आणण्यापूर्वी महत्त्वाच्या फाईलींची नक्कल घरी काढून ठेवावी, बाहेर ठेवलेली डिस्क सोबत आणू नये, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून न देता आमच्यासमोर स्वतः टाकावा.